वाळवणाच्या खोलीतला राजा

पियानो जिन्याच्या पहिल्याच वळणावर अडकला तेव्हा सिक्स्टन ब्रूलुंड मुळीच डगमगला नाही. डगमगणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. एरेब्रू नगरपालिकेच्या नकाशा खात्यात त्याची हयात गेली होती. कुठलीही वस्तू कुठेही बसवता येते, फक्त कागद नीट फिरवावा लागतो, अशी त्याची तिथे खात्री पटली होती. पियानो हा कागद नाही, हे त्याच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला, एवढंच.

गावाबाहेरचं एक प्रार्थनाघर बंद पडत होतं आणि ज्याला उचलून नेता येईल त्याने तिथला पियानो खुशाल न्यावा, असं तिथल्या पाद्रीबुवांनी जाहीर केलं होतं. पियानो जुना, जर्मन आणि बैलासारखा दणकट. सिक्स्टनने तो पाहिला, एक स्वर दाबला आणि ठरवून टाकलं. आपला अल्बम याच पियानोवर होणार. शनिवारी आणायचा, रविवारी सूर लावायचे, सोमवारी ध्वनिमुद्रण सुरू. बायकोला त्याने सांगितलं की हे अगदी छोटं काम आहे. उल्रिकाने विणकामातून मान वर केली नाही. छोट्या कामांचा तिला अनुभव होता.

अल्बमचं नाव ‘दीपगृहातला राजा’. तीनच माणसांचा बँड: पियानोवर सिक्स्टन, ड्रम्सवर त्याचा शाळासोबती हॉकान आणि गायला एब्बे. गिटार नाही. गिटारवाला आला की गाणं त्याचं होतं आणि बाकीचे त्याचे भाडेकरू होतात, असं सिक्स्टनचं ठाम मत होतं. गोष्ट अशी की एक राजा सिंहासनाला कंटाळतो, वेष पालटून एका बेटावर दिवेवाला होतो, आणि मग समुद्र त्याच्याकडे थकलेला कर मागायला येतो. राजा, राणी आणि प्रधान हेरिंग मासा ही तिन्ही पात्रं एब्बेच गात असे. एब्बे पेशाने दातांचा डॉक्टर. समोरच्या माणसाचं तोंड उघडं असलं तरी त्याला तक्रार करता येत नाही, याची त्याला सवय होती, आणि त्याचं गाणं त्याच आत्मविश्वासाचं होतं. प्रत्येक पात्राला तो वेगळी टोपी घालायचा. नाटकात घातली तर समजता येईल, पण ध्वनिमुद्रणात टोपी कुणाला दिसणार, असं हॉकानने एकदा विचारून पाहिलं. त्यावर एब्बे म्हणाला, “दिसत नाही, पण ऐकू येते.”

सगळं काही छान होतं. एकच सल होता आणि तो सिक्स्टन कुणाला बोलून दाखवत नसे. ‘दीपगृहातला राजा’ आजवर कुणीही शेवटपर्यंत ऐकलेला नव्हता. रेडिओवरच्या गृहस्थांनी दुसऱ्या भागात बातम्या लावल्या. गावातल्या क्लबच्या मालकाने राणीच्या विलापात दिवे लावून खुर्च्या उचलायला घेतल्या. उल्रिका तिसऱ्या भागात झोपायची, दरवेळी, एकाच स्वराला. सिक्स्टनच्या सख्ख्या आईने तर फोनवर ऐकताना मध्येच विचारलं होतं की बाळा, तू जेवलास का. कुणीतरी एकाने, नात्यात नसलेल्या एकाने, ही गोष्ट शेवटापर्यंत ऐकावी, एवढीच त्याची इच्छा होती. चांगला पियानो असला की ऐकतील, असं त्याने मनाशी धरलं होतं.

तर, पियानो जिन्यात अडकला. पुढे एब्बे, मागे हॉकान, आणि मधे, सूचना देण्यासाठी, सिक्स्टन.

त्या इमारतीत शेजाऱ्याला जिन्यात गाठणं शिष्टाचारात बसत नसे. बाहेर पडण्याआधी माणसं दाराच्या भोकातून बघत, जिना मोकळा आहे ना याची खात्री करत आणि मगच चपळाईने निसटत. त्या शनिवारी मात्र पियानोने सगळ्यांचीच वाट अडवली. वरून उतरणारे वर थांबले, खालून येणारे खाली. दोन्हीकडे रांग लागली. पियानो बाजूला करा, असं एकही जण म्हणाला नाही. एक जण म्हणाला, आज हवा बरी आहे. दुसऱ्याने दुजोरा दिला. मग हळूहळू धीर चेपला आणि सल्ले सुरू झाले. कुणी म्हणालं पाय काढा, कुणी म्हणालं कठड्याला साबण चोळा. तळमजल्यावरच्या बाईंच्या बहिणीने कार्लस्टाडला अस्साच पियानो खिडकीतून क्रेनने घेतला होता आणि खिडकी नंतर कधी नीट लागलीच नाही. शेवटी इमारतीच्या मंडळाचे अध्यक्ष, रूने नावाचे गृहस्थ, टेप घेऊन आले. त्यांनी पियानो मोजला, जिना मोजला, पुन्हा पियानो मोजला.

“चार बोटं जास्त आहे,” ते म्हणाले.

“मग काय करायचं?” सिक्स्टनने विचारलं.

“करायचं काही नाही. पण आता नक्की कळलं.”

एवढ्यात हॉकानच्या नाकाला खाज सुटली. नाक खाजवायला त्याने एकच हात सोडला, पण त्या हाताचं महत्त्व पियानोने ओळखलं होतं. तो मागे सरकला, खालच्या रांगेने अदबीने भिंतीला पाठ लावली, आणि पियानो धाडधाड तळघरात उतरला. कपडे धुण्याच्या खोलीचं दुहेरी दार त्याने आपणच उघडलं, यंत्रांच्या रांगेसमोरून गेला आणि पलीकडच्या कपडे वाळवण्याच्या खोलीत, समोरच्या भिंतीला टेकून उभा राहिला. टेकताना त्याच्या सगळ्या तारा एकदम वाजल्या.

सिक्स्टन धावत खाली गेला आणि दारातच थांबला. तो आवाज अजून खोलीत होता. चार सिमेंटच्या भिंती आणि रिकाम्या दोऱ्या यांच्यामधून तो सावकाश फिरत होता, दीपगृहाच्या पोटात फिरावा तसा. एवढे पैसे घेणाऱ्या स्टुडिओंतून असा आवाज त्याला कधी मिळाला नव्हता.

“एब्बे, ऐकलंस?” तो म्हणाला. “पियानोला आपल्यापेक्षा जास्त कळतं.”

हॉकानने लगेच, आपण मुद्दामच हात सोडला होता, असं सांगायला सुरुवात केली.

आता प्रश्न मंडळाचा होता. मंडळाची सभा बसली. दालचिनीचे बन या खेपेला कुणी भाजायचे होते यावर बराच खल झाल्यावर मुख्य विषय निघाला. नियम स्पष्ट होता: आपली वेळ संपल्यावर वाळवणाच्या खोलीत जे काही राहील ते पुढच्या माणसाने टोपलीत काढून ठेवावं. रूने यांनी गंभीरपणे विचारलं की एवढी टोपली कुठे मिळते. मग कुणीतरी तोडगा काढला. ज्या वस्तूवर कपडे वाळत घालता येतात ती वाळवणाचं साधन समजावी, म्हणजे तिला परवानगीची गरज नाही. सिक्स्टन उठून उभा राहिला. ज्या वाद्यावर पिढ्यान्‌पिढ्या भजनं झाली त्याला कपड्यांची घोडी म्हणणं हा संस्कृतीचा अपमान आहे, असं तो सांगणार होता. उल्रिकाने टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. सिक्स्टन म्हणाला की त्याची काही हरकत नाही, आणि बसला.

ठराव झाला. शरदातल्या सामूहिक साफसफाईच्या दिवशी भंगाराची गाडी येते, तोवर पियानो राहील; त्यानंतर गाडीबरोबर जाईल. दुसऱ्याच दिवशी त्याच्या झाकणावर कुणाचे तरी लोकरीचे मोजे ओळीने वाळत पडले होते. सिक्स्टनने ते अतिशय आदराने बाजूला ठेवले, पण त्याच्या मनाला ते लागलं.

आता धुण्याच्या वेळेबद्दल. प्रत्येक घराचं एक छोटं कुलूप असतं. तळघरातल्या फळ्यावर आपल्याला हवी ती वेळ निवडायची आणि तिथे कुलूप अडकवायचं. मग ती वेळ त्या घराची. राजवाड्यात शिरून कुणी सिंहासनावर बसलं तर या देशात त्यावर चर्चा होईल, कदाचित समितीही नेमली जाईल. दुसऱ्याच्या धुण्याच्या वेळेत शिरलेल्या माणसाशी मात्र लोक बोलणं सोडतात. सिक्स्टनच्या वाट्याला रविवारची दुपार होती, तीन वाजेपर्यंत. त्या वेळेत पियानो वाजवायचा तर धुणं नाही, आणि धुणं केलं तर राजा नाही.

सिक्स्टनने राजा निवडला. आठवडे गेले. शर्ट संपले. तो लग्नातला झालर लावलेला शर्ट घालून कचेरीत गेला तेव्हा साहेबांनी अभिनंदन केलं, कशाबद्दल ते न विचारता. उल्रिका पिशव्या भरून बहिणीकडे जाऊ लागली.

“कलेसाठी थोडं सोसावं लागतं,” सिक्स्टन म्हणाला.

“हो ना,” उल्रिका म्हणाली. “कला तुझी आणि धुणं माझ्या बहिणीकडे. छान वाटणी झाली.”

त्यात वाळवणाच्या खोलीतला गरम हवेचा पंखा. तो बाकीचे दिवस चालू असायचा, आणि पियानोच्या तारा त्या हवेत आळसावून दर रविवारी थोड्या खाली उतरलेल्या असायच्या. सिक्स्टन सूर वर ओढायचा, पंखा खाली आणायचा. शेवटी त्याने सगळा अल्बमच खालच्या सुरात घ्यायचं ठरवलं आणि तो आपलाच मूळ विचार होता असं सांगितलं. प्रधान हेरिंग पूर्वी चिरक्या आवाजात गायचा. आता त्याचा आवाज ऐकून हॉकानने विचारलं की हा मासा आहे की देवमासा. एब्बेला राग आला आणि त्याने त्या दिवशी टोपीच घातली नाही.

या सगळ्यापेक्षा मोठं संकट वरच्या मजल्यावर राहत होतं. त्याचं नाव गुनबोर्ग. पोस्टातून निवृत्त झालेल्या या बाई मूळच्या थेट उत्तरेकडच्या. यंत्राच्या जाळीत कुणाचा किती लोकरीचा भुगा राहिला यावरून त्या माणसाची किंमत करत. सिक्स्टनची वेळ तीनला संपली की गुनबोर्गबाईंची सुरू व्हायची; चादरी त्या घरीच हाताने धूत आणि फक्त वाळवायला खाली आणत. दुसऱ्याच रविवारी भिंतीवर चिठ्ठी आली: ‘वाळवणाची खोली वेळेत मोकळी व्हावी. तेव्हाच काही गोष्टी पूर्ण होतात. सस्नेह, ओल्या चादरींची मालकीण.’ खाली हसरा चेहरा काढला होता. हसरा चेहरा पाहून सिक्स्टनने चिठ्ठी पुन्हा पहिल्यापासून वाचली.

त्याने त्यांना समोरासमोर गाठलं. हे धाडस इमारतीत बरेच दिवस चर्चेत राहिलं.

“गुनबोर्गबाई, आमच्या वाजवण्याचा तुम्हाला त्रास होत नाही ना?”

“छे, छे. मला कसला आलाय त्रास,” त्या म्हणाल्या आणि गोड हसल्या.

त्रास होतो म्हणाल्या असत्या तर काही उपाय निघाला असता. त्रास नाही म्हणजे उघड युद्ध. तेव्हापासून सिक्स्टन तीनच्या आधीच पियानोचं झाकण लावू लागला. फरशी पुसू लागला, आणि एकही कपडा धुतलेला नसताना यंत्राची जाळीसुद्धा साफ करू लागला. तरी दर आठवड्याला चिठ्ठी यायचीच, आणि हसरा चेहरा दर खेपेला थोडा मोठा झालेला असायचा.

बघता बघता शेवटचा रविवार उजाडला. पुढच्या शनिवारी साफसफाई आणि भंगाराची गाडी. सगळा अल्बम एका दमात, न थांबता, सुरुवातीपासून शेवटपर्यंत घ्यायचा हे सिक्स्टनने आधीच ठरवलं होतं. तुकडे जोडलेली गोष्ट ही गोष्ट नसते, असं तो म्हणायचा. ध्वनिमुद्रणाच्या यंत्रापाशी उल्रिका विणकाम घेऊन बसली. लाल बटण दाबायचं आणि मग काहीही झालं तरी दाबायचं नाही, एवढंच तिचं काम होतं.

पहिल्या प्रयत्नात राणीची टोपी झांजेवर पडली. दुसऱ्यात शेजारच्या खोलीत कुणाचं तरी विसरलेलं यंत्र अचानक पिळायला लागलं आणि राज्याभिषेकाचा भूकंप झाला. हे नेमकं कुणाचं यंत्र ते शोधण्यात वेळ गेला. ते सिक्स्टनचंच निघालं. उल्रिकाने दोन कामं एकदम होतील म्हणून वेळ सुरू होताच त्याचे शर्ट टाकले होते.

तिसरा प्रयत्न सुरू झाला आणि पहिल्याच ओळीला तिघांनाही कळलं की आज काही वेगळं आहे. पियानो त्या खालच्या सुरात असा बोलत होता की जणू तो सूर त्याचाच होता. हॉकानने एकदाही घाई केली नाही. एब्बेचा राजा थकलेला होता, त्याची राणी चिडलेली होती, आणि हेरिंग, देवमाशाच्या आवाजातला हेरिंग, इतका दुःखी होता की सिक्स्टनला स्वतःच्या ओळींनी गलबलून आलं. राजा बेटावर गेला. त्याने दिवा लावला. वादळ झालं. समुद्र पायऱ्या चढत चढत दीपगृहाच्या दारापर्यंत आला. आता फक्त शेवटचा भाग उरला होता.

तेव्हा खोलीचं दार उघडलं. दारात गुनबोर्गबाई, कडेवर ओल्या चादरींची टोपली. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजले.

सिक्स्टनचे हात आपोआप पट्ट्यांवरून उचलले गेले. हॉकानच्या काठ्या हवेत थांबल्या. एब्बेने उघडलेलं तोंड मिटलं आणि टोपी काढून हातात घेतली. कुणी कुणाला खूण केली नव्हती. वर्षानुवर्षांच्या मेहनतीचं फळ हातातोंडाशी आलं होतं, आणि दुसऱ्याच्या वेळेत वाजवत राहावं हा विचार तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आला नाही. असं काही करता येतं, हेच त्यांना माहीत नव्हतं.

सिक्स्टन उठला, कोपऱ्यातून पोचारा घेतला आणि फरशी पुसायला लागला. त्याला खूप वाईट वाटत होतं. पुन्हा असं वाजणार नाही, पियानो जाणार, आणि राजा दाराशी आलेल्या समुद्राकडे बघत कायमचा तसाच उभा राहणार, हे त्याला कळत होतं. त्याचे डोळे भरून आले होते, म्हणून तो मान खाली घालून एकाच जागी पुसत राहिला.

“हे काय?” गुनबोर्गबाई म्हणाल्या. “थांबलात का?”

“तीन वाजले,” सिक्स्टन म्हणाला. “तुमची वेळ सुरू झाली.”

“ते मला दिसतंय.” त्यांनी टोपली खाली ठेवली आणि रागाने त्याच्याकडे बघितलं. “त्या राजाचं पुढे काय झालं?”

सिक्स्टनच्या हातातला पोचारा तसाच राहिला.

“दर रविवारी मी बाहेर जिन्यात उभी असते,” बाई म्हणाल्या. “आधी यायचं नाही, तुमची वेळ असते. उभी राहून ऐकते. आणि दर रविवारी समुद्र अगदी दारापर्यंत येतो आणि तुम्ही फरशी पुसायला लागता. एकदा म्हणून शेवट ऐकू दिला नाहीत. आणि हल्ली तर तीनच्या आधीच थांबायला लागलात. मी चिठ्ठ्या लिहिल्या, तरी तेच.”

“चिठ्ठ्या?” सिक्स्टन म्हणाला. “पण त्या तर चादरींबद्दल होत्या.”

“मग काय लिहू? राजाचं काय झालं ते सांगा, असं लिहू? भिंतीवर? सगळ्या बिऱ्हाडांसमोर?” बाईंचे कान लाल झाले. “वेळेत आवरा म्हणजे शेवटही वेळेत होईल, एवढं तुला समजायला हवं होतं. शिकलेला माणूस तू.”

सिक्स्टनने पोचारा भिंतीला टेकवून ठेवला.

“पण वेळ तुमची आहे, गुनबोर्गबाई,” तो कसाबसा म्हणाला.

“माझीच आहे. आणि माझ्या वेळेत या खोलीत काय व्हायचं ते मी ठरवीन.” त्यांनी चादरी खुंटीवर टाकल्या, टोपली पालथी घातली आणि तिच्यावर बसल्या. “वाजव. आणि पहिल्यापासून. मधूनच सुरू केलेलं मला आवडत नाही.”

त्यांनी पहिल्यापासून वाजवलं. मघापेक्षा चांगलं झालं असं हॉकान अजून सांगतो, मघासारखंच झालं असं एब्बे सांगतो. सिक्स्टनला त्यातलं काही आठवत नाही, कारण तो सारखा टोपलीकडे बघत होता. राज्याभिषेकाला बाई ताठ बसल्या होत्या. राणीच्या विलापाला त्यांनी नापसंतीने ओठ मुडपले. राणी त्यांना आवडली नसावी. हेरिंगच्या गाण्याला त्या पुढे झुकल्या. तिसरा भाग आला, तो नेमका स्वर आला, आणि सिक्स्टनने सवयीने उल्रिकाकडे पाहिलं. ती जागी होती. विणकाम मांडीवर पडलं होतं आणि ती गुनबोर्गबाईंकडे बघत होती.

समुद्र दारापर्यंत आला. या वेळी पियानो थांबला नाही. राजा दार उघडतो. समोर अख्खा समुद्र, थकलेल्या कराचा हिशोब घेऊन उभा. राजा त्याला वरपासून खालपर्यंत बघतो आणि म्हणतो, आत ये, पण आधी पायातलं काढ. मग दोघं आत जातात आणि दिवा चालू राहतो. शेवटचा स्वर त्या चार भिंतींतून बराच वेळ फिरला, चादरींना लागला आणि विरला.

गुनबोर्गबाई छताकडे बघत होत्या. उत्तरेकडच्या माणसांना एखादी गोष्ट मनापासून पटली की ती तोंडाने ‘हो’ म्हणत नाहीत. ओठ आवळून झटकन एक श्वास आत ओढतात, बस. बाईंनी तसा एक श्वास आत ओढला. खोलीत तो स्पष्ट ऐकू आला.

मग त्या उठल्या आणि म्हणाल्या की चला, चादरी वाळत घालायच्या आहेत, आणि एवढी माणसं उगाच उभी आहेत. चौघंही कामाला लागले. एब्बे राजाच्या टोपीतच होता. सिक्स्टन चादरीचं एक टोक धरून उभा असताना उल्रिका यंत्रापाशी गेली आणि शेवटचा भाग कानाला लावून ऐकून आली.

“शेवटी त्यांचा श्वास आलाय,” ती हळूच म्हणाली. “अगदी स्पष्ट. कापून टाकू?”

“खबरदार हात लावशील तर,” सिक्स्टन म्हणाला आणि चादर ताणून दोरीवर टाकली. “अल्बम तिथे संपतो.”